घरचं माणूस चढल्याशिवाय

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय घरकाम आणि शिड्यांचा कारखाना, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि दुपारचा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहिते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याच्या जिन्यातला दिवा बरेच दिवस गेलेला आहे तेही सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणून पाहिला दोघांनी, पण तो लागू पडला नाही. सर्वांची पूर्ण नावे, पत्ते आणि मिळकतीचे नंबर वकिलांनी परिशिष्टात घातले आहेत. इथे मात्र मी ज्याला जशी हाक मारते तसेच लिहिणार, नाहीतर मला माझेच घर परके वाटेल.

१. मिळकत माझी कशी झाली

हे, म्हणजे माझे यजमान, दोन वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र न करता गेले. वकिलांनी पुष्कळदा सुचवले, पण ह्यांचे उत्तर ठरलेले, "शिडीवर चढलेल्यानं खाली बघू नये." मग त्यांच्या पश्चात दोन्ही मुलांनी हक्क सोडून घर, कारखाना आणि ठेवी माझ्या नावावर करून दिल्या. त्या वेळी मुले शहाण्यासारखी वागली, याची नोंद असावी.

त्यानंतर ती शहाण्यासारखी वागलेली नाहीत. थोरला आणि धाकटी, सख्खे बहीणभाऊ, कारखान्यावरून भांडले आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. रविवारी धाकटी येते, दोघे एकाच खोलीत बसतात आणि "आई, तिला सांग", "आई, त्याला विचार" असे चालते. मी या वयात टेलिफोन झाले आहे. मी गेल्यावर हा टेलिफोनही बंद होणार, म्हणून हे लिहायला बसले. कारखाना कोणाला, एवढाच खरा प्रश्न आहे. त्याचे कलम सातवे आहे, पण ज्यांना तेवढेच वाचायची घाई आहे त्यांनी मधलेही वाचावे. माझ्या नावावरच्या एकूण एक वस्तूला ह्यांचा हात लागलेला आहे, त्यामुळे ह्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला काहीच वाटून देता येत नाही. वकील म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." वकील अजून तरुण आहेत.

२. घर

खाली कारखाना आणि वर आम्ही राहतो ते घर. ते थोरल्याच्या नावे करावे. तो आणि सूनबाई तिथेच राहतात आणि गळणारी नळाची तोटी त्यांच्याच नशिबी आहे. मागची खोली धाकटीची राहील. ती येवो न येवो, त्या खोलीत अडगळ भरू नये.

या घरात आम्ही आलो तेव्हा वरच्या दोनच खोल्या भाड्याने होत्या. हे एका रंगाच्या दुकानात माल काढून द्यायचे काम करीत. रंगारी लोक टेबलावर टेबल, टेबलावर स्टूल असे रचून छत रंगवतात हे ह्यांनी रोज पाहिले आणि एक दिवस मला म्हणाले, "ही माणसं पडतात कशी हे कोडं नाही, रोज पडत कशी नाहीत हे कोडं आहे." मग खोक्यांच्या फळ्या आणून ह्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत पहिली शिडी बांधायला घेतली. दिवसभर नोकरी, संध्याकाळी करवत. मी भुसा झाडून थकले. शिडी सुरेख झाली, छताला टेकली. मग कळले की ती दारातून निघत नाही आणि जिन्यात वळत नाही. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. खालून घरमालक विचारत होते, "भिंत पाडताय का?" शेवटी खिडकीचे गज काढून ती दोरीने रस्त्यावर सोडली आणि गज पुन्हा बसवायचा खर्च शिडीच्या किमतीहून जास्त आला.

दुसरा कोणी असता तर त्याने कपाळावर हात मारून नोकरी धरून ठेवली असती. हे गजांच्या भोकाकडे बघत जेवले आणि म्हणाले, "जी घरातून निघत नाही, ती दुसऱ्याच्या घरात शिरणारही नाही. शिडी मिटली पाहिजे." आमची घडीची शिडी अशी त्या फजितीतून निघाली. तिच्यावर आधी खालची जागा भाड्याने घेतली आणि पुढे सगळी इमारतच विकत घेतली. बाहेरच्या खोलीच्या खिडकीला दोन गज अजून वाकडे आहेत. थोरल्याने ते सरळ करून घेऊ नयेत.

३. ठेवी आणि दागिने

बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना समसमान. बांगड्या धाकटीला, गळ्यातले सूनबाईला. कानातले मी घालून जाणार आहे, त्यावरून वाद नको.

४. भाऊजी

भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, सुरुवातीला धंद्यात भागीदार होते. त्यांना माझ्या मिळकतीतून काय द्यायचे ते सांगण्यापूर्वी आमची चाल सांगितली पाहिजे, कारण ते तिच्यावरूनच फुटले.

ह्यांची पहिली घडीची शिडी घ्यायला रंगाच्या दुकानाचे मालक आले. हे सरसर वर चढून दाखवू लागले. मालक म्हणाले, "तुम्ही चढणारच. विकायची तुम्हाला आहे." तेव्हा मी बाजारातून पिशवी घेऊन येत होते. ह्यांनी मला हाक मारली. "जरा वर चढ गं." मी पिशवीसकट चढले आणि वरूनच विचारले की आता काय करायचे. हे मालकांना म्हणाले, "बायकोला चढवलंय. यापेक्षा मोठा भरवसा माझ्याकडे नाही." शिडी विकली गेली आणि त्या दिवसापासून नियम झाला. घरचं माणूस चढल्याशिवाय शिडी विकायची नाही. प्रत्येक नव्या मालातल्या पहिल्या शिडीवर घरातले कोणीतरी चढायचे, वर उभे राहायचे, हलायचे, उतरायचे, मगच त्या मालावर शिक्का ठोकायचा.

घरगुती शिडीवर मी चढत असे, म्हणून कामगार तिला "वहिनी" म्हणू लागले आणि बाजारातही तेच नाव पडले. माणसे दुकानात येऊन "एक वहिनी द्या, जरा मजबूत" म्हणत. मला ते मुळीच आवडत नसे. हे हसून लोळत. मुले चढत ते दोन पायऱ्यांचे स्टूल "बाळ", आणि रंगाऱ्यांची मोठी शिडी "काका", कारण तिच्यावर भाऊजी चढत. भाऊजींचे वजन धंद्याला फार उपयोगी होते, हे मी कधीच नाकारलेले नाही.

पण भाऊजी कंटाळले. "वाळूची पोती ठेवून बघ की, माणसं कशाला नाचवायची?" ह्यांचे म्हणणे, "पोतं पडलं तर पोतं रडत नाही, दादा." त्यावरून शब्दाला शब्द वाढला, भाऊजी वेगळे झाले आणि समोरच्या फुटपाथवर दुकान थाटून अगदी आमच्यासारख्या दिसणाऱ्या शिड्या विकू लागले. स्वस्तही विकल्या. पुढे त्यांच्या एका शिडीची खिळण, म्हणजे घडीच्या सांध्यातली खीळ, सुटून एक रंगारी पडला. त्याचे काय झाले ते पुढच्या कलमात आहे.

ह्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी भाऊजी आमच्या दारात उभे राहून ह्यांचे गुण गात होते. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी आतून ऐकत होते आणि जिवंतपणी यातला एक शब्द ते रस्ता ओलांडून येऊन बोलले असते तर ह्यांना किती बरे वाटले असते, याचाच राग येत होता. तो राग मी वर घेऊन जाणार नाही. भाऊजींना कारखान्यातून नवी कोरी "काका" शिडी एक द्यावी, पैसे घेऊ नयेत. त्यांनी स्वतः चढू नये, आता वय झाले आहे.

५. रंगारी

जो रंगारी पडला तो पाय मोडून आमच्याच दारात आला, कारण दोन्ही दुकानांवर एकच आडनाव. भांडायलाच आला होता. शिडी आमची नाही हे ह्यांनी पहिल्या नजरेत ओळखले, पण तोंडाने म्हणाले नाहीत. त्याला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "पाय बरा होईस्तोवर बसून करण्यासारखं काम करशील का?" तो खिळणी ठोकायला बसला तो आजतागायत उठलेला नाही. कारखान्यातली सगळी माणसे आता त्याच्या हाताखाली आहेत. त्याने कित्येक वर्षांत ब्रश धरलेला नाही, तरी त्याला आम्ही रंगारीच म्हणतो.

कारखान्यामागच्या ज्या खोलीत तो राहतो ती त्याला आणि त्याच्या बायकोला हयातभर राहावी. भाडे मागू नये. ह्यांची मोठी हातोडीही त्याचीच. ती त्याने आधीच घेतलेली आहे आणि मला दिसले नाही असे त्याला वाटते.

६. फसलेल्या वस्तू

ह्यांच्या डोक्यातून जे निघाले ते सगळे विकले गेले असे कोणी समजू नये. चाकांची शिडी काढली, ती उतारावर माणसाला घेऊन निघाली. इस्त्रीचे टेबल उघडले की शिडी होईल असे एक काढले, त्याच्यावर ना धड इस्त्री होई ना धड चढता येई. एकही खपले नाही. हे चार दिवस गप्प होते आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "लोकांना इस्त्री करायचीच नसेल." ते टेबल धाकटीला द्यावे. सगळ्या जगात ते तिला एकटीलाच आवडले होते. लहानपणी ती त्याच्याखाली बसून अभ्यास करी.

अभ्यासाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मुलांच्या परीक्षा असल्या की संध्याकाळी कारखान्यातला एकही हातोडा वाजत नसे. माल रखडायचा, गिऱ्हाईक खाली येऊन बडबडायचे, आणि हे त्यांना जिन्याकडे बोट दाखवून हळू आवाजात सांगायचे, "वर भूगोल चाललाय." माझे ऑपरेशन झाले तेव्हा महिनाभर ह्यांनी स्वयंपाक केला. मीठ विसरायचे, नाहीतर दोनदा घालायचे. मुलांनी एकदाही नाक मुरडले नाही आणि ते जेवण आठवले की माझ्या डोळ्यांत पाणी येते. शहरात दुसरी शाखा काढायची संधी दोनदा चालून आली, दोन्ही वेळा ह्यांनी नाही म्हटले. मोठा धंदा त्यांना हवा होता, फार हवा होता. पण जेवायला वर येता येईल एवढ्याच अंतरावर हवा होता.

७. कारखाना

आता ज्याच्यासाठी सगळे थांबले आहेत ते.

थोरल्याचे म्हणणे असे की शिडी तपासायचे यंत्र मिळते, ते वजन टाकून पाहते आणि दाखला छापून देते. मोठे खरेदीदार दाखला मागतात. "माझी आई चढली होती, असं त्यांना कसं सांगू?" हे त्याचे खरे आहे. आणखी एक गोष्ट तो फक्त माझ्याजवळ बोलला. "सत्तरी उलटल्यावर बाबा वर जाऊन हलून दाखवायचे, तेव्हा खाली उभं राहून माझं काय व्हायचं ते मला विचार." धाकटीचे म्हणणे असे की बाबांनी जे जसे केले ते तसेच्या तसे चालले पाहिजे, एक खिळासुद्धा बदलता कामा नये. तिचेही मला कळते. ती लग्न होऊन लांब गेली. इथे सगळे जसेच्या तसे असले की तिला आपण गेलोच नाही असे वाटते. दोघांनाही कारखाना बापासाठीच हवा आहे. मला वेगवेगळे गाठून दोघेही एकच वाक्य बोलले, "आई, तू माझ्या नावावर लिही, म्हणजे बाबांचं नाव राहील."

ह्यांच्यानंतरचा पहिला मोठा माल तयार झाला तेव्हा हे भांडण पेटले. शिड्या दाराशी रचलेल्या, ट्रक उभा, आणि रंगारी शिक्का खिशात घालून स्टुलावर बसलेला.

थोरला म्हणाला, "ठोक शिक्का. मी सांगतोय."

रंगारी म्हणाला, "सांगू नका, साहेब. चढा."

थोरला चढला नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. आज चढलो तर यंत्राचा विषय कायमचा संपला, असे त्याला वाटले. तिकडून फोनवर धाकटी, "मी रविवारी येते. तोवर एक शिडी हलवली तर बघ." मग बहीणभाऊ एकमेकांना जे बोलले ते मी या कागदावर घेणार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. माझे गुडघे केव्हाच कामातून गेलेले, मी जिन्यात कठडा धरून उभी.

तेवढ्यात माझ्या बाजूने सूनबाई खाली गेली. स्वयंपाकघरातून आली होती, हात ओले होते. थोरल्याची ही बायको पडदा लावायला स्टुलावर चढली तरी तिला दरदरून घाम फुटतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यांनी तिला कधी चढायला सांगितले नव्हते. तिने हात पदराला पुसले आणि शिडीवर पाय ठेवला. थोरला म्हणाला, "अगं, तू काय करतेस?" ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर चढली नसती. वर जाऊन डोळे मिटून उभी राहिली, हलली आणि उतरू लागली. उतरताना तिचा पाय चाचपडला, जमीन आली असे समजून तिने पाऊल टाकले आणि ती बदकन खाली बसली.

सगळे धावले. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "शेवटची पायरी कळतच नाही. आलीच जमीन असं वाटतं."

रंगारी म्हणाला, "सगळ्यांनाच तसं होतं, ताई."

"मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?"

कोणी बोलले नाही, कारण आमच्या घरात भिणारे माणूस कधी शिडीवर चढलेच नव्हते. ह्यांना भीती म्हणजे काय ते माहीत नव्हते. हे वर चढून शिडी मोडते का ते बघत. माणूस घाबरून उतरताना काय करतो, हे त्यांना कधी दिसलेच नाही. सूनबाईने त्याच दिवशी सगळ्या शिड्यांची सर्वांत खालची पायरी पिवळी करून घेतली आणि मग ट्रक सोडला. थोरल्याने कपाळाला आठ्या घातल्या, धाकटीने फोनवर "बाबांच्या शिडीला पिवळा रंग?" म्हणून रडून घेतले. आज दुकानदार "पिवळ्या पायरीचीच द्या" म्हणतात. तेव्हापासून प्रत्येक मालाला सूनबाई चढते. घाम अजून फुटतो. दर वेळी उतरून ती काहीतरी खोट काढते, आणि दर वेळी ती खोट खरी असते. हे आज असते तर दुपारचे जेवण टाकून त्या पिवळ्या पायरीपाशी बसून राहिले असते, अशी माझी खात्री आहे.

म्हणून कारखाना, त्यातली यंत्रे, हत्यारे, माल, नाव आणि शिक्का हे सर्व मी माझ्या सूनबाईला, तिच्या एकटीच्या मालकीने देत आहे. थोरल्याने विक्री आणि कागदपत्रे पाहावीत आणि त्याचा पगार घ्यावा. त्याला हवे ते यंत्रही घ्यावे. यंत्राने तपासावे आणि माणसानेही चढावे, यात भांडण्यासारखे काय होते ते मला आजही समजलेले नाही. नवी शिडी काढली तर पहिला नमुना धाकटीला दाखवावा. ती नावे ठेवील. ठेवू द्यावीत.

८. वाचून दाखवल्यानंतर

वरचा मसुदा मी गेल्या रविवारी तिघांना समोर बसवून वाचून दाखवला. मागाहून कोणी चकित व्हायला नको.

वाचून झाले. सूनबाई आता "नको, आई, मला कशाला" म्हणणार आणि मला तिची मनधरणी करावी लागणार, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "मी घेईन, आई. गोदामाची दुसरी किल्लीपण लागेल." आणि किल्ली घेऊन खाली गेली.

मग थोरला वळला. माझ्याकडे नाही, बहिणीकडे. म्हणाला, "ऐकलंस?"

धाकटी म्हणाली, "ऐकलं ना. कानामागून आली आणि तिखट झाली."

"तिला बोलू नकोस. पण हे बरोबर नाही."

"मुळीच बरोबर नाही. आईनं निदान आपल्याला विचारायला हवं होतं."

"तेच म्हणतोय मी."

मी चष्मा पुसत बसले. दोघे संध्याकाळपर्यंत बोलत होते. एकाने वाक्य सुरू करायचे आणि दुसऱ्याने पुरे करायचे, लहानपणी माझ्याविरुद्ध ह्यांच्याकडे तक्रार घेऊन जायचे तसे. मध्येच बाबा असे म्हणाले असते, बाबा तसे म्हणाले असते यावरून खटका उडाला, तोही मिटला. दिवेलागणीला दोघे एकत्र येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आई, आमचं ठरलंय. सातवं कलम रद्द कर."

दोन वर्षांनी माझी मुले शेजारी शेजारी उभी होती. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना जेवायला बसा एवढेच म्हणू शकले. बसली. हे बघायला ह्यांनी असायला हवे होते, आणि ते नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

सातवे कलम मी रद्द केलेले नाही, त्यातला एक शब्दही बदललेला नाही. ते ज्यांना मान्य नाही त्यांनी माझ्या पश्चात खुशाल कोर्टात जावे. मात्र माझी अट अशी की दोघांनी मिळून एकच वकील करावा, तारखेला एकाच गाडीतून जावे, आणि येताना घरी येऊन एका पंगतीला जेवावे. खटला जितका लांबेल तितका लांबू द्यावा.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. त्या दोघांना या कागदातून काहीही मिळत नाही. चहा मिळाला.

सही : थोरल्याची व धाकटीची आई

साक्षीदार १ : डॉक्टर, समोरच्या इमारतीतले. (जिन्यातला दिवा लावला आहे.)
साक्षीदार २ : शिंपी, शेजारचे दुकान

ठिकाण : राहते घर, कारखान्याच्या वर
तारीख : चौदा मार्च, रविवार. मुले खाली आहेत, आवाज इथपर्यंत येतो आहे.